पुलाच्या पायाखालचं मुंडकं

स्वातंत्र्य नवं होतं, तेव्हा गोरेगावच्या वाटेवरच्या नाल्यावर पूल बांधायला घेतला. पायाखाली लेकराचं मुंडकं पुरतात, अशी आवई गावभर उठली. व्यंग असलेलं लेकरू मात्र चालत नाही म्हणे. मी पडले शहाणी! गोधडीची सुई घेऊन माझ्या तान्ह्या पोराचा कान टोचला. कान पिकला, भोक वाकडं झालं. सासू म्हणाली, "अवो, अख्खा कानच काप ना, मंग तर कोणीच नेत नाही!"

पूल मुंडक्याविनाच उभा राहिला. मोठेपणी पोरगा त्याच पुलावरून नोकरीला गेला, तो गेलाच. आता दिवाळीपुरता येतो. मी थकल्या हाताने तो कान चाचपते.

"आता मले कोण नेते, माय?" तो हसतो.

मी पुलाच्या वाटेकडे बघते.