आठ मुलांचा परवाना

आमच्याकडे पाळणाघरांची सरकारी तपासणी न कळवता होते. न कळवता म्हणे! तपासनीस बाईंची पांढरी गाडी जिल्ह्यात शिरली रे शिरली, की पहिल्या पाळणाघरातून दुसरीकडे फोन जायचा, दुसरीकडून तिसरीकडे. "पाहुणी आलीय," एवढं बोलायचं आणि फोन ठेवायचा. पाहुणी घरात असेपर्यंत मग कुणी कुणाचा फोन उचलायचा नाही, हा बायकांनी आपसांत ठरवलेला नियम. बोलता बोलता तोंडून काही निसटायला नको. मिस वर्नीस टिप्टनचं पाळणाघर रस्त्याच्या पार टोकाला, त्यामुळे आवराआवरीला तिला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ मिळायचा. याचं तिला बरंच वाटायचं.

वर्नीस वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर लोक तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलले. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातून मोठी झाली. कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या बाया अंधारात तिच्या दाराशी झोपलेलं पोर द्यायच्या आणि निर्धास्त निघून जायच्या. तिचा परवाना आठ मुलांचा. पण त्या वर्षी गावातलं दुसरं पाळणाघर बंद पडलं आणि बाया तिच्या ओसरीवर येऊन रडायला लागल्या. कामाची एक पाळी बुडली की कारखाना सरळ घरी बसवतो, दयामाया नाही. शनेल तर तीन वर्षांच्या जॅरेलला कडेवर घेऊन जी उभी राहिली, ती हलेचना. वर्नीसचं मन मोडवेना. तिने आणखी चौघं घेतली. आता तपासणीत एक जरी पोर जास्त सापडतं, तर परवाना गेलाच असता आणि सगळ्या आयांच्या पोटावर पाय आला असता.

ऑगस्ट लागला तशी तिची झोप उडाली. तपासणी याच सुमारास होते, हे ठाऊक होतं. तिने विजेच्या प्लगांना झाकणं लावली, ब्लीचच्या बाटल्या कुलपात घातल्या, खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या वर बांधल्या, वाळूचा हौद चाळून काढला. घर असं लखलखीत झालं की तिलाच त्यात चोरासारखं वाटायला लागलं. शेवटी तिने चौघांच्या खुंट्यांवरची नावं काढली. त्यांच्या गाद्या, कप, टॉवेल, सगळं उचलून आपल्या कपड्यांच्या कपाटात कोंबलं. जॅरेलचं नाव सोलून काढणं तिला बरं वाटेना. भावजय ओलेटा तिथेच बसली होती, तिला ती तसं म्हणालीसुद्धा.

"तुझं आपलं काहीतरीच," ओलेटा म्हणाली. "नाव काय, परत चिकटवता येतं. परवाना गेला की गेला."

ओलेटा चर्चची व्हॅन चालवायची. बेत असा होता, की फोन आला की तिने व्हॅन घेऊन मागच्या दाराशी यायचं आणि जादा पोरांना चर्चच्या गार सभागृहात नेऊन बसवायचं. गेल्या वर्षी जादाची एक-दोन पोरं अशीच लपवून झाली होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. म्हणूनच भीती मेली होती त्यांची.

फोन आला त्या दिवशी सकाळपासूनच ऊन नुसतं भाजत होतं. कुत्री घराखालच्या मातीत शिरून पडली होती. ओलेटाने व्हॅन मागे आणून लावली आणि घोटभर पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात वर्नीसने जॅरेलला उचललं. पहाटे उठवलेलं पोर, गाढ झोपलेलं. त्याला जागं केलं तर भोकाड पसरेल, म्हणून तिने त्याला तसंच अलगद नेऊन व्हॅनच्या सगळ्यात मागच्या सीटवर आडवं केलं. मग घरात कुणीतरी दूध सांडलं, कुणीतरी रडलं, ती आत धावली. ओलेटा बाहेर आली, तिघं चालती पोरं पुढच्या सीटवर बसवली आणि निघाली. जॅरेल दिसला नाही, तेव्हा आज तो आलाच नसेल असं तिने धरलं; मागे बघायचं तिला काही कारणच नव्हतं.

तपासनीस बाईंचं नाव मिस ग्रँडी. शांत, हसतमुख बाई. घाई म्हणून नाही. तिने डोकी मोजली: आठ. खुंट्या मोजल्या: आठ. गाद्याही आठ. "तुमचं घर बघून बरं वाटतं, मिस वर्नीस," असं ती म्हणाली आणि वर्नीसला आतून हायसं वाटलं.

त्या दोघी स्वयंपाकघरात शिरल्या, तेव्हा वर्नीसच्या खिशातला फोन थरथरला. पाठ वळवून तिने पाहिलं. ओलेटाचा निरोप होता: तिघंही मजेत, आइसकँडी खातायत.

तिघं.

मागची सीट वर्नीसच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यावरचं ते पोर. ओलेटाला ती सांगायलाच विसरली होती. तिने तिथल्या तिथे ओलेटाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नियम म्हणजे नियम, ओलेटा कशाला उचलतेय. चर्च रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. धावत जावं तर आठ पोरांना सोडून एकटी बाई घराबाहेर पडली, एवढ्यावरच परवाना जाणार. आणि सांगावं, तर तोंड उघडल्याबरोबर सगळं संपणार. मिस ग्रँडी नळाखाली थर्मामीटर धरून पाण्याची ऊब बघत होती. वर्नीसने ओठ घट्ट मिटले. व्हॅन झाडाखाली लावली असेल, तिने स्वतःची समजूत घातली. काचा उघड्या असतील. मिस ग्रँडी कपाटाची कुलपं ओढून बघू लागली, एकेक करून. चर्चच्या आवारात झाड नाही, हे वर्नीसला पक्कं ठाऊक होतं.

मिस ग्रँडी शेगडीकडे वळली. बटणं पोरांच्या हाताला येतात का, ते तिने वाकून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"माझं एक पोर गाडीत राहिलंय," वर्नीस म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. "चर्चच्या व्हॅनमध्ये. ते तुमच्या आठांतलं नाही."

मिस ग्रँडीने एकही प्रश्न विचारला नाही. आपल्या गाडीची किल्ली वर्नीसच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा तुम्ही. इथे मी आहे." वर्नीस ओसरी उतरत होती, तोवर मिस ग्रँडी फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती.

जॅरेल दोन सीटांच्या मधे खाली पडलेला होता. अंग लालबुंद, कपडे घामाने निथळलेले, ओठ सुकलेले. हाक मारली तर डोळे उघडेनात. ओलेटा सभागृहातून पाणी घेऊन धावत आली. दवाखान्यात त्याने रात्री पाणी मागितलं. वाचला.

परवाना त्याच आठवड्यात गेला. फोनाफोनीचा प्रकारही उघड झाला, तशी बाकीची पाळणाघरंही तपासनिसांच्या तावडीत सापडली. कारखान्यातल्या चार-पाच बाया घरी बसल्या. दुकानात वर्नीस दिसली की बायका पाठ फिरवायच्या. तिने पोर कोंडलं म्हणून नाही, बोलून टाकलं म्हणून. लोकांना काय म्हणावं!

एका संध्याकाळी शनेल जॅरेलला घेऊन आली. आता ही थोबाडीत मारणार, असं शेजाऱ्यांना वाटलं, आणि वर्नीसलाही तेच हवं होतं. पण शनेलने तिला घट्ट मिठी मारली.

"सगळा गाव तुला नावं ठेवतोय, ठेवू दे," ती म्हणाली. "घरदार पणाला लावून तू बोललीस, म्हणून माझं लेकरू जगलं."

वर्नीसला गप्प राहता आलं असतं. पण त्या मिठीत तिचा जीव गुदमरायला लागला.

"मी लगेच नाही बोलले, शनेल."

"लगेच नाही म्हणजे?"

"कळलं तेव्हा ती नळाचं पाणी बघत होती. मग तिने कपाटांची कुलपं बघितली. मग शेगडी. तेवढा वेळ मी गप्प उभी होते."

शनेलचे हात सुटले.

"शेगडीसुद्धा?" तिने विचारलं.

वर्नीस हो म्हणाली. शनेलने पोराला उचलून कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरून निघून गेली.