बारा मिनिटांची बॅटरी

माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, चव्वेचाळीस वर्षे टंकलेखन केले. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही त्या एका कार्यालयाच्या बैठकांची इतिवृत्ते घरी टाइप करून देत. वीज गेल्यामुळे दोनदा फाइल बुडाली, तेव्हा तिथल्या साहेबांनी निरोप धाडला : तिसऱ्यांदा असे झाले, तर काम दुसरीकडे.

कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करणारा एक कारागीर होता. मेलेली यंत्रे उठवतो म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणत. त्याने वन्संच्या संगणकाच्या पोटातला वीजपुरवठ्याचा डबा काढून नवा बसवला. त्यातच बॅटरी होती.

"आता वीज गेली तरी बारा मिनिटं चालेल, मावशी. खुशाल टाइप करा."

"बारा म्हणजे बाराच ना? की तुझी बारा?"

"घड्याळ लावून बघा!"

मंगळवारी ते बघायची वेळ आली. चारला कार्यालयाचा शिपाई येणार होता. दोन वाजून अठरा मिनिटांनी पंखा थांबला आणि संगणकाचा पडदा काळा झाला. संगणक मात्र घुरघुरत होता, त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. वैद्याने बॅटरी संगणकाला दिली होती. पडद्याची वायर अजून भिंतीतच होती.

"मेल्याने घोड्याला दाणा घातला आणि स्वाराला उपाशी ठेवलं," वन्सं म्हणाल्या.

"सेव्ह करा आणि उठा, वन्सं."

"केलं. पण अर्धं पान राहिलंय. वीज कधी येईल, कुणी सांगावं?"

"दिसत काही नाही, आणि टाइप कसलं करताय?"

"वहिनी, आमच्या बाई कळांवर फडकं टाकून शिकवायच्या. बोटांना डोळे लागत नाहीत."

नजर हस्तलिखितावर ठेवून त्या टाइप करू लागल्या. मी समोर घड्याळ धरून बसले. आठव्या मिनिटाला मला राहवले नाही. "अहो, पुरे आता!"

"गप्प बसा हो!" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. दहाव्या मिनिटाला मजकूर संपला. त्यांनी दोनदा सेव्ह केले आणि हात मांडीवर ठेवले. वैद्याने बारा सांगितली होती. यंत्र अकराव्याला विझले.

तीन पस्तीसला वीज आली. वन्संनी संगणक लावून फाइल उघडली. सगळे पान जागेवर होते. मधली एक ओळ तेवढी अगम्य निघाली. बोटे एक घर सरकली होती.

"ही ओळ तुमची," वन्सं म्हणाल्या, आणि ती त्यांनी नव्याने टाइप केली.

शिपाई चारला पाच कमी असताना आला. त्याच्या हातात पुढच्या बैठकीचे पाकीट होते. "फाइल तयार असेल तरच द्या, असं साहेबांनी बजावलंय," तो म्हणाला.

वन्संनी पेनड्राइव्ह पुढे केला आणि पाकीट घेतले.