तिचा हात थरथरतो

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात बायकांची जागा खाली चटईवर. काज करा, बटणं लावा, तोंड मिटा. कातर पुरुषांची. का, तर "बायकांचा हात थरथरतो," असं कापणाऱ्यांतले थोरले मास्तर बारमाही सर्दी झाल्यासारखं नाकातून सांगत. मास्तरीणबाई त्यांच्याशी भांड भांड भांडल्या आणि कापायच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. मास्तरीणबाई हे नावही तेव्हाच चिकटलं. कामगार बायकांच्या बैठकीत बोलायला उठल्या की "बायांनोऽऽ" असं काही लांबवायच्या, की पेंगणारीही पदर सावरून बसे.

त्यांची सून मात्र अजून चटईवरच होती.

मग टेबलाशी एक जागा रिकामी झाली. मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तरीणबाई, तुमची सूनबाई कशी वाटते?"

सुनेनं सुई धरूनच वर पाहिलं. "आई, मला शिकवा ना," म्हणून तिनं वर्षभर मागे लकडा लावला होता. शेवटी फाटक्या चादरींवर खडूने रेघा मारून आपली आपण शिकली. कापायची अगदी सरळ. मास्तरीणबाईंनी ते पाहिलंही होतं. पण टेबलावरच्यांना सुटायला अंधार पडतो. मग घरी चूल कोण पेटवणार?

"नको," त्या म्हणाल्या. "तिचा हात थरथरतो."

थोरले मास्तर पोट धरून हसले. "अगंबाई, हे तर माझंच वाक्य! चला, वाया नाही गेलं."

चटईवरचं कुणीच हसलं नाही. ते जास्त झोंबलं.

संध्याकाळी सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मास्तरीणबाई चहाला उठल्या, तर स्वतःच्याच स्वयंपाकघरात साखरेचा डबा सापडेना.

"तू कशाला गं उठलीस?" मुलगा लोळत म्हणाला. "तिला उठव की."

हे वळण कुणी लावलं, असं विचारायला जीभ उचलेना. लावणारी डबे धुंडाळत उभी होती. अगोड चहा त्यांनी तसाच घशाखाली लोटला.

सकाळी त्या मालकांपुढे गेल्या. "काल खोटं बोलले मी. तिचा हात पक्का आहे."

"रात्रीत बरा झाला म्हणायचा!" मालक म्हणाले. सगळा कारखाना खिदळला.

"ती टेबलाशी आली की माझ्या घरचा स्वयंपाक अडतो. म्हणून बोलले."

खिदळणं थांबलं. मास्तरीणबाईंना वाटलं, हसत होते तेच बरं होतं.

सुनेला बोलावलं. तिनं कापड पसरलं, हाताने सारखं केलं. मास्तरीणबाईंनी आपला खडू पुढे केला. सुनेनं तो पाहिला आणि पलीकडे वळली.

"मास्तर, जरा तुमचा खडू देता?"

थोरल्या मास्तरांनी कानामागचा काढून दिला.