पुनवेनंतरची राखण

रिसबूड कचेरीत शिरले की आधी खाडीच्या गाळाचा वास यायचा. चपला पिशवीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि चालणं असं की जणू गाळातून पाय अजून निघालेच नाहीत. कल्याणच्या आमच्या शेती कचेरीत मी टायपिस्ट होते आणि त्र्यंबक रिसबूड हे खाडीकाठच्या गावांचे कृषी सहायक. त्यांचे अहवाल मी टाईप करायचे आणि साहेब ते न वाचता सही करायचे. या माणसाला साऱ्यांनी मिळून थकवलं, याचा मला अजून राग येतो.

डोंबिवलीच्या पलीकडे खाडीला लागून धाकटी खार नावाचं आगरी गाव होतं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी गावाच्या भातशेतीपेक्षा वर चढायचं. मध्ये मातीचा एक बांध, तेवढाच आडोसा. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी आत येणार आणि जमीन तीन-चार वर्षं वाया जाणार. म्हणून आषाढ लागला की आळीपाळीने घरटी एक माणूस बांधावर राखणीला असायचा. खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, खचलेली माती भरायची, हे काम. नारळी पौर्णिमेला राखण उठायची. गावचे पुढारी दाजी भोईर त्या दिवशी सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन बांधावर यायचे, प्रत्येक घरातला कर्ता पुरुष त्याला हात लावायचा आणि दाजी तो खाडीत सोडायचे. हात लावला की त्या घराने दर्यावर भरवसा टाकल्याचा शब्द दिला; आता दर्या शांत होणार. पूर्वी तो होतही असे.

रिसबूडांचं म्हणणं एवढंच होतं की ऋतू पुढे सरकलाय. जो पाऊस श्रावणात ओसरायचा तो आता भाद्रपदात झोडपून काढतो. वरून नदीचं पाणी येतं, खाडी गाळाने उथळ झालेली, त्यात अमावास्येचं उधाण आलं की पाणी बांधाच्या माथ्याला लागतं. नेमकं तेव्हा भात पोटरीवर, लोंबी धरायच्या बेतात असतं आणि बांधावर चिटपाखरू नसतं. राखण दसऱ्यापर्यंत न्या, एवढंच ते मागत होते. त्यासाठी त्यांनी भरतीची कोष्टकं नेली, पावसाचे आकडे नेले. गावाने चहा पाजला, मान डोलावली आणि पुनवेला फावडी घरात नेऊन ठेवली.

"त्यांना सगळं कळतं हो," ते मला सांगायचे. "पण दाजी म्हणतात, नारळ दिल्यावर फावडं घेऊन उभं राहायचं म्हणजे दर्याला तोंडावर सांगायचं, तुझा भरवसा नाही. सोयऱ्याला जेवायला बोलवायचं आणि तो उठला की भांडी मोजायची, तसं होईल ते."

"मग सोडा ना नाद," मी म्हणायचे.

"सोडतो," ते म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाकट्या खारेला जायचे.

बांधापुढे तिवरांची झाडी राहिली तर लाटांचा मार कमी बसेल म्हणून ते वनखात्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याला निलगिरीची रोपं लावून आकडा पुरा करायचा होता. "तिवर म्हणजे सरपण, ते कसलं आलंय वन," तो म्हणाला. रिसबूडांनी त्याला बांधावर नेलं. तिवरांमागचा धड बांध आणि उघड्यावरचा पोखरलेला बांध दोन्ही दाखवले. त्याला पटलं, तिवर तोडणाऱ्यांना तो अडवूही लागला, आणि मग त्याची बदली झाली. रिसबूड नव्या अधिकाऱ्याला घेऊन पुन्हा बांधावर. त्यांच्या पत्नी मालनवहिनी एकदा मला म्हणाल्या, "आले की जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. भांडायला तरी माणूस जागा हवा ना?"

चौऱ्याऐंशीच्या पुनवेला रिसबूडांचा तोल गेला. दाजींच्या हातात नारळ होता, सगळा गाव जमला होता, आणि ते बोलून गेले, "या नारळाने खांड थांबायची नाही." त्या दिवशी बांधावर 'खांड' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. भाद्रपदात खांड पडली. गाव उठून बघतं तर हिरव्या भातात खाडी उभी होती.

एखाद्याचं खरं ठरलं की लोक त्याचं ऐकतात, असं आपल्याला उगाच वाटतं. सायबाच्या तोंडाने बांध फोडला, असं गावाने ठरवून टाकलं. कुणी पाणी विचारेना. रिसबूड मात्र जात राहिले. मिठात तगणारं बियाणं मिळवून ओट्याओट्यावर ठेवत राहिले. कुणी ते पेरलं, कुणी कोंबड्यांना घातलं. बांध पुन्हा घातला गेला, पावसाळ्यांनी जमीन धुतली, भात पुन्हा डोलू लागलं. तेव्हा पुनवेआधी रिसबूड परत दाजींच्या दारात.

दाजी म्हणाले, "आमी नारल देनार, आमाला मागून राखन करता येत नाय. तू कंदी हात लावला नाय. तुना येवढी कालजी हाय ना? मंग तूच बस."

हा टोमणा होता. रिसबूडांनी तो सरळ अर्थाने घेतला आणि रजा टाकून भाद्रपदातल्या भरत्यांना बांधावर बसू लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, फावडं नीट धरता येत नव्हतं. एका भरतीला बांधाच्या आतल्या अंगाने पाणी पाझरताना दिसलं. खेकड्याचं बीळ होतं. रिसबूड माती टाकत होते आणि पाणी ती धुऊन नेत होतं. बांधालगत जिचा शेताचा तुकडा होता ती चंद्रभागा तेव्हा पेंढ्याची गुंडाळी घेऊन आली. ती तिने बिळात कोंबली आणि वर पायाने चिखल दाबला.

"चंद्रभागाबाई, तुमचा नारळ?" रिसबूडांनी घाबरून विचारलं.

"मना कोन हात लावून देतो?" ती म्हणाली. "नवरा मेला तवापासना मी नारलाच्या जवल नाय. मी दर्याला काय कबूलच केला नाय."

पुढच्या वर्षी ती मनुबाईला आणि जनीला घेऊन आली. त्याही विधवाच. ज्या बायकांची सावली शुभकार्यात चालत नव्हती त्यांच्या गळ्यात गावाचा बांध पडला. हे सांगताना रिसबूडांना लाज वाटायची आणि ऐकताना माझा तिळपापड व्हायचा. पण त्या तिघी तिथे मजेत असायच्या म्हणे. बांधावर त्यांना बाजूला हो म्हणणारं कुणी नव्हतं.

मग एका भाद्रपदात पुन्हा तसंच उधाण आलं आणि पाऊस तर थांबायचं नाव घेईना. पाणी माथ्याला लागलं. बांधावर ही चार माणसं, चिखल, पेंढा आणि जुनी पोती. गावातले पुरुष पाणंदीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. त्यांची स्वतःची शेतं बुडायला आली होती, तरी शब्द दिलेला होता, कुणाचा पाय पुढे पडेना. दाजी सर्वांच्या पुढे, हात पाठीमागे बांधून उभे होते. ओहोटी लागेपर्यंत ते तसेच होते. बांध टिकला. मनुबाईचा खांदा त्या दिवशी निखळला तो नंतर कधी धड झाला नाही.

त्यानंतरच्या पुनवेला मी गेले होते. रिसबूडांची निवृत्ती जवळ आलेली, गुडघे धरलेले, म्हणून सोबतीला. आम्ही त्या तिघींजवळ, लांब उभे होतो. दाजींनी नारळ धाकट्या भावाच्या हाती दिला. एकेक जण हात लावून मागे सरकला. भाऊ दाजींसमोर येऊन थांबला.

"दाजी, हात."

"नाय," दाजी म्हणाले. "मना उद्यापासना बांधावर बसाचा हाय."

भावाने नारळ सोडला. तो पाण्यावरून दिसेनासा होईपर्यंत दाजी बघत राहिले. मग सावकाश चालत ते आमच्याकडे, त्या तिघींच्या रांगेत येऊन उभे राहिले आणि रिसबूडांच्या हातातलं फावडं त्यांनी काढून घेतलं.

"सायेब, तू जा आता," ते म्हणाले. "लय दमलास."

बांधावरून उतरताना मी रिसबूडांचा दंड धरला होता. इतक्या वर्षांनी तुमचं ऐकलं की नाही, असं मी म्हणणार होते. पण त्यांचे डोळे वाहत होते.

"भरवशाचा दर्या होता हो त्यांचा," ते म्हणाले. "माझ्यापायी सुटला."