हरणाबाईनं आण घेतली नाही

माण तालुक्यात मी मास्तर होतो तेव्हाची ही हकीकत. लढाई संपून वर्ष झालं होतं. लढाईच्या काळात आमच्या आभाळातून विमानं वरचेवर जात. बाकीचे लोक आवाज आला की क्षणभर मान वर करीत आणि पुन्हा कामाला लागत. हरणाबाई मात्र हातातलं टाकून, विमान डोंगराआड जाईपर्यंत उभी राही. धनगराची बाई ती. मेंढरांना जशी रंगावरून, कानांवरून नावं द्यायची, तशी तिनं विमानांनाही दिली होती. एक ढवळं, एक घुम्या, आणि फार उंचावरून जाणारं ते मुकं. बरेच दिवस घुम्या दिसला नाही की मला वाटेत अडवून विचारी, "गुरुजी, घुम्या कुठं मेला असंल?"

अंगानं दणकट, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिचा नवरा अर्जुना अगदी उलटा. त्याला बोलतं करायचं तर मेंढराच्या दुखण्याचा विषय काढावा लागे.

दसरा झाला की आमच्याकडचे धनगर कृष्णाकाठच्या चाऱ्यापाण्याला निघत. पाचसहा बिऱ्हाडं आपापली मेंढरं घेऊन एकत्र चालतात, त्याला वाडा म्हणतात. वाड्यात असलं म्हणजे लांडग्याची, चोराची भीती कमी, आणि पिकात तोंड घातलं म्हणून कुणी शेतकरी काठी घेऊन आलाच, तर बोलायला चार माणसं. या वाड्याचा म्होरक्या अर्जुनाचा थोरला भाऊ, सिद्धू.

आदल्या साली विट्याच्या अलीकडं एक विमान वाड्यावरून फार खालून गेलं. मेंढरं उधळली, आणि त्यानंतर काही मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली. त्यात सिद्धूच्या अधिक. विमान गेलं तेव्हा हरणाबाई ढेकळावर उभी राहून हात हलवत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सिद्धूचं मत झालं, की हिनं हात करून बोलावलं म्हणून ते खाली आलं. वर्षभर हे मत वाड्यात मुरत राहिलं.

निघायच्या सकाळी बिरोबाच्या देवळापुढं सगळी बिऱ्हाडं जमली होती. घोड्यांवर सामान चढलं होतं. सिद्धूनं भंडाऱ्याची परडी पुढं ठेवली. भावजयीशी तो थेट बोलत नसे.

"अर्जुना, बायकूला सांग, भंडारा उचल म्हणावं. हितनं फुडं इमानाकडं बगणार न्हाई अशी आण घे म्हणावं."

अर्जुना काही सांगणार नव्हताच. हरणाबाईच पुढं झाली.

"आवं भावजी, भंडारा उचलून घेतलेली आण मोडता येत न्हाई. आन मी तर उद्या आवाज आला की वर बगणार. मग द्येवाला कशाला फसवू?"

"मग वाड्यात तुमची मेंढरं न्हाईत."

"नसू द्यात."

सिद्धूची बायको धोंडुबाई कळवळली. "अगं बये, घे की आण! वर बगायचं न्हाई, एवढंच हाय. मान खाली घालून जलम काढलाच की आपुन."

"त्येच तर, जाऊबाई. खाली बगून बगून मला माती पाठ झालीया."

कुणीतरी हसलं. सिद्धू नाही हसला. त्यानं वाडा हलवला, आणि देवळापुढं एक घोडं, दोन माणसं आणि त्यांची मेंढरं तेवढी उरली.

त्याच दुपारी हरणाबाई शाळेच्या फाटकाशी आली. रडवेली वगैरे मुळीच नव्हती.

"गुरुजी, इमानं उडत्यात म्हंजी कुठंतरी बसत बी असत्याल. कुठं बसत्यात?"

माझा मेहुणा माधवनगरच्या गिरणीत होता. त्याच्याकडून ऐकलेलं मी सांगितलं. त्या बाजूच्या एका माळावर विमान उतरायची पट्टी केली आहे, अधूनमधून एखादं उतरतं. शिवाय वाटेवरच्या एका गावात, लढाईच्या काळात पडलेल्या विमानाचं चाक चावडीपुढं ठेवलं आहे, तेही सांगितलं.

तिनं तिथंच मातीत बसून खडे मांडले. अर्जुना शेजारी उकिडवा.

"ह्यो आटपाडीचा वढा, हितं पानी. हितं चाक बगायचं. हितं बागायतदाराच्या रानात खतासाटनं मेंढरं बसवायची, जुंधळं मिळत्याल. आन ह्यो माळ. हितं इमान."

"आन लांडगा?" अर्जुनानं विचारलं.

"त्यो कुटं बी हाय."

मी म्हणालो, "हरणाबाई, एकट्यानं जाऊ नका. सिद्धूची समजूत घालू."

"गुरुजी, समजूत माजी घालाया लागंल मग. त्ये जमणार न्हाई."

नाताळच्या सुट्टीत मी मेहुण्याकडं गेलो, तेव्हा मुद्दाम त्या माळावर चालत गेलो. तिची मेंढरं तिथं चरत होती. वाटेत एक कोकरू लांडग्यानं नेलं होतं आणि तासगावच्या पुढं एका द्वाड शेतकऱ्यानं अर्जुनाच्या पाठीवर काठी उमटवली होती. हे तिनंच सांगितलं, वाटेतल्या पाण्याची गोष्ट सांगावी तसं. चाकाबद्दल मात्र ती नाराज होती. "रबराचं हाय वो. मोटारीगत. पोरं त्येच्यावर बसून बोरं खात हुती."

माळावरचा राखणदार दादासो फौजेतून सुटून आलेला गडी. पहिल्या दिवशी त्यानं तिला लांबूनच अडवलं होतं.

"हाल्ट! मेंढरं आणायची न्हाईत. सरकारी जागा हाय."

"मग एवढं गवात कोन खातंय? सरकार?"

गवत खरोखरच गुडघ्यापर्यंत आलं होतं. विमान यायच्या आत ते काढा असा दादासोला हुकूम होता, आणि गुऱ्हाळं चालू असल्यानं कापायला माणूस मिळत नव्हतं. त्यानं जरा वेळ मिशी ओढली.

"चरू दे. पर मेंढरं बसवल्याचं धान्य मागशील, तर त्ये सरकार देत न्हाई."

"धान्य नको. इमान उतरंल तवा मला हाकलायचं न्हाई."

माझ्या डोळ्यांदेखत ते उतरलं. लहानसं, दोन माणसांचं. दादासोनं आधी सांगून ठेवल्यामुळं मेंढरं पट्टीबाहेर काढली होती, तरी त्या आवाजानं ती भेदरून पांगली. अर्जुना त्यांच्यामागं धावला. हरणाबाईही अर्ध्या वाटेपर्यंत धावली, मेंढरं अर्जुनाच्या हाताशी आलेली पाहिली, आणि परत फिरली. विमानाभोवती तिनं सावकाश एक फेरी घातली. वाकून पोटाखालून पाहिलं. मग पंखाला हात लावला आणि एकदम दादासोकडं वळली.

"कापाड हाय की रं हे! घोंगड्यापरीस पातळ!"

विमानातून उतरलेला तरुण साहेब हसला. त्यानं तिला पंखावर बोट वाजवून दाखवलं. तिनंही वाजवलं. मग बराच वेळ ती तशीच उभी होती, हात पंखावर ठेवून, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवतात तसा.

दुसऱ्या दिवशी तिची एक मेंढी गाभडली.

सिद्धूचा वाडा जवळच, तासगावच्या बाजूला उतरला होता. बातमी पोचायला कितीसा वेळ! तो स्वतः माळावर आला, धोंडुबाई मागोमाग. मला वाटलं हरणाबाई काहीतरी कारण सांगेल, मेंढी आधीच आजारी होती म्हणेल. मी असतो तर तसंच म्हटलं असतं.

"अर्जुना, इचार तिला. गाभडली का न्हाई?"

"गाभडली," हरणाबाई म्हणाली. "इमानाच्या भ्यानंच गाभडली. लपवती कशाला?"

"मग? आता तरी आण घे म्हणावं. वाड्यात घेतो."

"भावजी, डोंगरातनं लांडगा येतो, चार मेंढरं नेतो. म्हणून डोंगराकडं बगायचं सोडलं का तुमी? माजी मेंढी गेली, मी रडीन. तुमच्या गेल्या, तवा बी मला वाईट वाटलं. पर माजं डोळं मी गहाण टाकणार न्हाई. तुमच्याकडं न्हाई, द्येवाकडं बी न्हाई."

सिद्धू वळला आणि चालू लागला. धोंडुबाई घुटमळली. पट्टीवर अजून उभ्या असलेल्या विमानाकडं तिनं लांबूनच एक नजर टाकली, पदर तोंडावर धरला आणि नवऱ्यामागं पळाली.

हरणाबाई आणि अर्जुना पावसाळ्याच्या तोंडाला एकटेच परतले. मेंढरं काही कमी झाली होती. गावात लोक म्हणाले, खोड मोडली आता.

पुढच्या दसऱ्यानंतर मी वेशीबाहेर उभा होतो. सिद्धूचा वाडा निघायच्या तयारीत होता, आणि त्यातल्या जोतीरामनं आपलं बिऱ्हाड बाजूला काढून अर्जुनाच्या घोड्याशेजारी उभं केलं होतं. जोतीरामला त्या माळावरचं गवत हवं होतं; त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, विमान. मेंढरं आधीच एकमेकांत मिसळली होती.

 सिद्धूनं भावाला हाक मारली, "अर्जुना, दोन बिऱ्हाडांचा का हुईना, वाडा म्हटला की म्होरक्या लागतो. कोन तुमचा म्होरक्या?"

अर्जुनानं घोड्याची दोरी सोडली आणि हनुवटीनं पुढची वाट दाखवली.

"त्यो काय निगाला बी फुडं, लुगडं नेसून."