पावलावरची फुली

खोलीत आल्या की सिस्टर आधी वाकायच्या. समोर कोण आहे, लहान की मोठं, बाई की बुवा, याचा विचार नाही. पर्स खांद्यावरच ठेवून उजव्या हाताची दोन बोटं तुमच्या पावलावर, वरच्या बाजूला बरोबर मधोमध टेकवायच्या. क्षणभर डोळे मिटायच्या. मग "आहे" एवढंच म्हणून सरळ व्हायच्या आणि पंखा लावायच्या.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या पायाशी हे केलं तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठलो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी बाई आपल्या पाया पडते, म्हणजे काय? मी म्हटलं, अहो, हे काय भलतंच. त्यांनी चष्मा पुसत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाया नाही पडले. नाडी बघितली. पाया पडण्यासारखं तुम्ही अजून काही केलेलं दिसत नाही."

मी जन्माने, कर्माने आणि स्वभावाने पुणेकर. टोमणा नीट मारता येणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मी मुद्रितशोधक. लोकांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही, म्हणून एका डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या संस्थेचा इतिहास जुळवायला बसवलं होतं. ही संस्था तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. मांडीत एक बारीक भोक पाडून, त्यातून तार आणि नळी सरकवत, तुंबलेली रक्तवाहिनी आतून मोकळी करणारे डॉक्टर असतात. पाय चिरायचा नाही, पोट फाडायचं नाही. अशा देशोदेशीच्या डॉक्टरांची ती संस्था. सुरुवातीला त्यांना कुणी जवळ करत नव्हतं. सर्जन म्हणायचे, हे एक्स-रेचे फोटो काढणारे लोक. फोटो काढणारे म्हणायचे, हे सर्जन व्हायला निघाले. शेवटी परदेशात कुठेतरी अशा चार-सहा नकोशांनी आपली वेगळी चूल मांडली. आमचे डॉक्टरसाहेब त्या चुलीशी फार लवकर जाऊन बसले होते.

कागदपत्रं बुधवार पेठेत, लाउडस्पीकरच्या एका दुकानावरच्या खोलीत ट्रंकांमध्ये पडली होती. फोटोतली माणसं ओळखायला म्हणून सिस्टर आठवड्यातून तीनदा यायच्या. पुण्यात हे काम सुरू झालं त्या पहिल्या दिवसापासून त्या ऑपरेशनच्या खोलीत होत्या. तेव्हा हव्या त्या वळणाच्या नळ्या मिळत नसत. सिस्टर चहाच्या किटलीच्या वाफेवर नळीचं टोक धरायच्या, मऊ झालं की बोटाने वळण द्यायच्या आणि गार पाण्यात बुडवायच्या. चार डॉक्टरांनी आपापल्या अक्षरात 'पुण्यातली पहिली केस मीच केली' असं मला लिहून पाठवलं होतं. मी सिस्टरांना विचारलं, खरी पहिली केस कुणाची? त्या म्हणाल्या, पेशंटची.

त्यांचं खरं काम पायाशी असायचं. नळी घालण्याआधी पेशंटच्या पावलावरची नाडी शोधायची आणि सापडेल तिथे, नाहीतर जिथे असायला हवी तिथे, बॉलपेनने फुली मारायची. काम झाल्यावर त्याच फुलीवर बोटं ठेवून सांगायचं, आहे की नाही. एक्स-रेच्या पडद्यावर काहीही दिसो, रक्त खालपर्यंत पोचलं की नाही हे ती फुली सांगते. म्हातारे पेशंट पाय आखडून घ्यायचे, "बाई, पापात नका टाकू," म्हणायचे. सिस्टर दरडावायच्या, की पाप माझ्या खात्यावर मांडा आणि पाय सरळ करा.

त्यांची एक सवय मात्र मला पहिल्या आठवड्यातच खटकली. फोटो बघता बघता त्यांची दोन बोटं टेबलाच्या कडेवर जायची. नजर मनगटावरच्या घड्याळावर, ओठ हलताहेत. कधी टेबल, कधी कपाट, कधी जिन्याचा कठडा. एकदा तर भिंत. मी म्हटलं, काय करताय? त्या म्हणाल्या, मोजते. किती भरली, म्हणून मी थट्टेने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी चौऱ्याऐंशी. महिन्याने विचारलं, तरी तेच. टेबलाची तेवढीच, भिंतीचीही तेवढीच. मी बोटं ठेवून पाहिली. लाकूड होतं, दुसरं काय असणार! वय झालंय बिचारीचं, असं मनात म्हणून मी विषय सोडला.

मग एका ट्रंकेत मला एक पिवळा पडलेला केसपेपर सापडला. संस्थेचं मोठं आंतरराष्ट्रीय अधिवेशन पुण्यात भरलं होतं, त्या दिवसाचा. खाली सिस्टरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'उजवं पाऊल. नाडी आहे. ८४.'

तो कागद मी दोनदा वाचला. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. सिस्टर आल्या, माझ्या पायाशी वाकल्या, आणि उठताना त्यांना तो कागद दिसला. त्या दिवशी त्यांनी पंखा लावला नाही. खुर्चीत बसून सगळं सांगितलं.

अधिवेशनात एक खरीखुरी केस सगळ्यांना दाखवायची होती. रुग्णालयात काम चालणार आणि सभागृहातल्या पडद्यावर देशोदेशीचे डॉक्टर ते बघणार. पेशंट कात्रजकडचा, दारात चार म्हशी असलेला, चाळिशीचा माणूस. उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. डॉक्टरसाहेबांनी तार घातली, अडलेली जागा मोकळी केली, आणि पडद्यावर ती रक्तवाहिनी घोट्यापर्यंत भरून आलेली दिसली. सभागृहातल्या टाळ्या स्पीकरमधून आत ऐकू आल्या. सिस्टर चादरीखाली हात घालून फुलीवर बोटं ठेवून उभ्या होत्या. तिथे काही नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, नाही, सर.

डॉक्टरसाहेबांच्या कॉलरला माईक होता. ते हसून म्हणाले, "सिस्टर, नीट बघा."

सगळ्या सभागृहाने ते ऐकलं. सिस्टरांनी पुन्हा बोटं ठेवली. पाऊल गार होतं. आणि त्या म्हणाल्या, "आहे." साहेबांनी विचारलं, किती? समोरच्या यंत्रावर त्या माणसाच्या हृदयाचे ठोके दिसत होते, चौऱ्याऐंशी. सिस्टरांनी तोच आकडा सांगितला. पुन्हा टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सिस्टर तिथेही उभ्या होत्या. कापलेल्या पायावर त्यांची निळी फुली तशीच होती.

"मी नाही म्हटलं असतं तर तिथल्या तिथे परत बघितलं असतं," त्या म्हणाल्या. "पाय वाचला असता की नसता, देव जाणे. पण विचारलं मला होतं."

पुढे त्या कात्रजला त्याच्या घरी गेल्या होत्या. कबूल करायचं म्हणून. त्याने यांना काही बोलूच दिलं नाही. "बाई, तुमी व्हता म्हणून गुडघा तरी राहिला," म्हणाला आणि बायकोला दूध तापवायला सांगितलं. सिस्टर दूध पिऊन परत आल्या. नंतर काही वर्षांनी तो माणूस गेला.

मी विचारलं, मग हे टेबल, ही भिंत? त्यांनी बोटं टेबलावर ठेवली.

"पाय गेला, माणूस गेला. पण नाडी आहे, असं मी सांगितलं होतं ना. ती कुठे जाणार? जिथे हात ठेवते तिथे लागते."

त्यांना इतिहासात एकच ओळ हवी होती. डॉक्टरांचं नाव नको, पेशंटचं नको. फक्त एवढंच, की त्या दिवशी पायाला नाडी नव्हती आणि सिस्टरने आहे म्हणून सांगितलं. छापून आलं म्हणजे ते थांबेल, असं त्यांना वाटत होतं. मी ओळ घातली. हस्तलिखित साहेबांकडे गेलं.

साहेबांचा फोन आला. ते रागावले नाहीत, रागावले असते तर मी भांडलो असतो. फार गोड बोलले. पुस्तक परदेशात जाणार, संस्थेला पन्नास माणसं नावं ठेवणार, आणि सिस्टरांचीच शेवटी शोभा होणार, वगैरे. मलाही ते पटल्यासारखं वाटलं. आयुष्यभर मी लोकांच्या ओळी खोडल्या होत्या. लाल पेनने ही एक खोडायला मला पाव मिनिटसुद्धा लागलं नाही.

पुस्तक छपाईला गेलं आणि त्याच सुमाराला सिस्टरांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. त्यांची भाची स्वयंपाकघरात होती. सिस्टर खूप वाळल्या होत्या. पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोन बोटं होती आणि ओठ हलत होते. मला पाहून त्यांनी एकच विचारलं.

"ओळ आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

काय करणार होतो? मरायला टेकलेल्या बाईला नाही म्हणून सांगणार होतो? मी स्वतःला हे फार वेळा समजावलं आहे. त्यांनी डोळे मिटले. दांडीवरची बोटं थोडी दाबून पाहिली, उचलली, परत ठेवली. मग त्यांचा चेहरा एकदम सैल पडला आणि त्या म्हणाल्या, थांबली. त्या झोपल्या, आणि दोन दिवसांनी झोपेतच गेल्या.

पुस्तकाचं प्रकाशन झालं. मला शाल मिळाली. पुस्तक मांडीवर घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि बोटांखाली ठोके पडायला लागले. स्पीकर असेल, म्हटलं. कार्यक्रम संपला, स्पीकर बंद झाले, तरी ठोके पडतच होते. घरी आलो तर जेवणाच्या टेबलाला, खिडकीच्या गजाला, स्टीलच्या डब्याला, सगळ्याला तेच. बोटांच्या टोकांना कधीकधी आपलीच नाडी लागते, हे मलाही माहीत आहे. म्हणून डाव्या हाताची बोटं टेबलावर आणि उजव्याचं मनगट मुलीच्या हातात, असं करून पाहिलं. तिला कारण सांगितलं नाही. माझी बहात्तर भरली. टेबलाची चौऱ्याऐंशी.

पाच वर्षं मी ती मोजली. आधी भीती वाटायची, जेवण जायचं नाही. मग सवय झाली. पुढे पुढे तर सकाळी उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला हात लावून बघायचो आणि बरं वाटायचं. मनातल्या मनात मी सिस्टरांशी बोलायचो. काल कुणाची चूक पकडली ते सांगायचो. आज सकाळी मात्र मला माझीच लाज वाटली आणि मी हे लिहायला बसलो.

तर ती ओळ अशी. त्या दिवशी पायाला नाडी नव्हती, आणि सिस्टरने आहे म्हणून सांगितलं. त्याखाली माझी घाला. ती ओळ मी खोडली, आणि सिस्टरला आहे म्हणून सांगितलं.

इतकं लिहून पेन ठेवलं आणि बोटं टेबलावर टेकवली. काही नाही. कपाटाला लावून पाहिली, भिंतीला लावून पाहिली. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बसलो. कुठेच काही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी लहान मुलासारखा रडलो. सिस्टरांना जाऊन पाच वर्षं झाली म्हणतात. मला विचाराल तर त्या आज सकाळी गेल्या.