शाल्मलीची नडगी

सकाळी खाटेवरून पहिला पाय खाली ठेवला की शाल्मली गुल्हानेला कळायचं, आजचा दिवस कसा जाणार. उजव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, रुपयाएवढी एक जागा होती. ओरडावं असं तिथलं दुखणं नव्हतं. कोणी आतून गिरमिट लावून हळूहळू फिरवावं, तसं ते होतं. दहा-वीस पावलं टाकली की विरून जायचं. मग ती स्वतःला सांगायची, गेलं. संध्याकाळी रियाज झाला की ते पुन्हा हजर.

तेरा वर्षं ती भरतनाट्यम शिकत होती. दर रविवारी आर्णीहून पहिली एसटी धरायची आणि यवतमाळला गौरीबाईंच्या क्लासला जायची. वय आता बावीस. येत्या मार्चमध्ये विशारदची शेवटची परीक्षा होती. ती झाली की आर्णीत स्वतःचा क्लास काढता येणार होता. आणि नाही झाली, तर? त्याचं उत्तर वडिलांनी दसऱ्यालाच देऊन ठेवलं होतं. नीळकंठराव पाटबंधारे कार्यालयात हेडक्लार्क. बोलायचे कमी, पण बोलले की शिक्का मारल्यासारखं.

"हे शेवटचं वर्ष. पास झाली तं क्लास काढ, मी आडवा येत नाई. नाई झाली तं घुंगरू माळ्यावर. पावने कवाचे इचारून राह्यले."

म्हणून नडगीचं तिनं कोणाला सांगितलं नाही. गौरीबाईंनाही नाही. अरमंडीत बसायचं म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं खाली बसायचं आणि त्याच बसण्यात पाय आपटत राहायचे. घरातल्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी होती. त्या फरशीवर पाय आपटला की आवाज छान यायचा, आणि आवाजाबरोबर गिरमिटही एक आटा पुढे जायचं.

दिवाळीनंतर खोलीत कापूस आला.

नीळकंठरावांचं आठ एकर बटईनं दिलेलं होतं. दोन हजार पाचचा तो हंगाम. भाव पडलेले, खरेदी केंद्रावर माप कधी चालू, कधी बंद. गाड्या दोन-दोन दिवस रस्त्यावर उभ्या राहायच्या. नीळकंठरावांनी आपल्या वाट्याचा कापूस विकलाच नाही. पुढची खोली भरली, खिडकीच्या चौकटीपर्यंत. घरभर खाज सुटली. शाल्मलीची आई, शीलाबाई, ताट वाढताना रोज वैतागायची.

"वरणात कापूस, भातात कापूस. उद्या फोडनीत सरकीच टाकतो."

"भाव वाढन."

"कवा?"

"संक्रांतीनंतर."

"कोनत्या सालच्या?"

नीळकंठराव वरणातला तंतू बोटानं काढून बाजूला ठेवायचे आणि जेवत राहायचे.

रियाजाला जागा उरली नाही. अंगणात करावा तर पलीकडच्या गच्चीवर पोरं जमायची. एका संध्याकाळी शाल्मली चिडून त्या ढिगावरच चढली आणि अरमंडीत बसली. पाय मारला. आवाज नाही. पाय घोट्याच्या वर आत गेला आणि नडगीला काहीच झालं नाही. पुन्हा मारला. तरी काही नाही. हात वर केला की बंद पंख्याचं पातं लागायचं, म्हणून हात खाली ठेवून तिनं तासभर नाच केला. उतरली तेव्हा केसांत, पापण्यांवर कापूस होता आणि ती हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा नाचताना तिला नडगीची आठवण झाली नव्हती.

नीळकंठराव दारात उभे होते. तिला वाटलं, आता रागावतील.

"त्या कोपऱ्यात जोरानं तुडव," ते म्हणाले. "दोन क्विंटल अजून मावन."

महिनाभर ती रोज कापसावर नाचली. बापाला ढीग दबलेला हवा होता, लेकीला पाय वाचवायचा होता. मधल्या दोन रविवारी क्लासला सुट्टी होती, उरलेल्या दोन रविवारी तिनंच सर्दीचं निमित्त सांगितलं. त्यामुळे चूक कोणाच्या ध्यानातच आली नाही. कापूस पाय गिळायचा, म्हणून ती पाय हिसका देऊन उपसायला शिकली. प्रत्येक ठोक्याला पोटरीनं तो हिसका सोसला. आणि ठोका कानाला ऐकूच येत नव्हता, म्हणून पाय हळूहळू उशिरा पडायला लागला.

जानेवारीत ती गौरीबाईंच्या फरशीवर उभी राहिली. बाई लाकडी ठोकळ्यावर काठीनं ताल देत होत्या. दुसऱ्या लयीतच काठी थांबली.

"शाल्मली, पाय कुठं ठेवून आलीस? काठी पडते, मग तुझा पाय पडतो."

तिला लाज वाटली. तिनं जोर वाढवला. तिसऱ्या लयीत, जिथं पाय चौपट वेगानं पडतात, तिथं काहीतरी कट्‌ झालं आणि ती खाली बसली. गौरीबाईंनी नडगीवर बोट दाबलं. शाल्मलीची किंकाळी जिन्याखालच्या सायकलवाल्याला ऐकू गेली.

"हे कधीपासून आहे?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"आणि मला आज सांगतेस?" बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

एक्स-रेमध्ये हाडाला केसासारखी चीर निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. नाच नाही, जिना नाही. परीक्षेला सात आठवडे होते.

"फारम भरला हाय," नीळकंठराव म्हणाले. "तारीख आपल्यासाठी बदलत नाई. बसता आलं तं बस, नाई तं सोड."

पहिला आठवडा तिनं भिंतीकडे तोंड करून काढला. आईनं पुढच्या खोलीतल्या ढिगावर चादर टाकून तिला तिथं बसवलं, पाय उशीवर. खिडकीतून अंगण दिसायचं. त्याच सुमाराला अंगणात खातूनबी येऊ लागली. साठीची बाई, गादीवाली. जुन्या गाद्या उसवायच्या, गोळा झालेली रुई वेताच्या दोन काठ्यांनी झोडून मोकळी करायची आणि पुन्हा भरायची, हे तिचं काम. गुल्हान्यांच्या चार गाद्या झाल्या, तरी ती दुसऱ्यांच्या गाद्या घेऊन इथंच यायची. तिच्या गल्लीत उन्हाला जागा नव्हती.

डावी काठी, उजवी काठी. झप, झप, झप-झप. दुसऱ्या आठवड्यात शाल्मलीची बोटं आपोआप हलायला लागली. मग मनगट, मग मान. खातूनबीनं खिडकीतून पाहिलं.

"काय बेटा, हातच नाचून राह्यले तुझे?"

"पायाले मनाई हाय, खातूनबी."

"मंग मी सावकाश मारू का?"

"सावकाश नको. फक्त एकसारखं मारा."

"एकसारखं!" खातूनबी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ऐका, शीलाबाई, तुमची पोरगी मले एकसारखं मारा म्हन्ते. चाळीस वर्सं झाले मारून राह्यलो मी."

तेव्हापासून दुपारी दोघींचा उद्योग सुरू झाला. बाहेर काठ्या, आत हात. शाल्मली डोळे मिटून पाय मनातल्या मनात टाकायची. प्रत्येक ठोक्याला पाय नेमका कुठं असेल, ते तिला आता दिसायचं. इतकी वर्षं ती पायच मोजत आली होती, अलीकडे नडगीच्या भीतीनं तर जास्तच. हात, नजर, ओठ यांच्याकडे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. एकदा ती एक पद बसून करत होती. आई कान्ह्याला रागावते, एवढंच त्यात होतं. काठ्या थांबल्या.

"कोनाले रागे भरून राह्यली?"

"किस्नाले. लोनी खाल्लं त्यानं."

"मंग हसू काहून येते तुले?"

"आई हाय नं थे. राग खरा नाई तिचा."

खातूनबी पायरीवर टेकली. "पुन्हा कर." शाल्मलीनं पुन्हा केलं. "आमचा तारिक साखर खाये अशीच. आता सुरतेले हाय. फोनवर कसं रागावू?" तिनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "अजून एकडाव कर."

त्या दिवशी शाल्मलीला खाज आठवली नाही, तारीख आठवली नाही. संध्याकाळी तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. शीलाबाईनं ते पाहिलं आणि कापसाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"खांदा दुखत नाई का तुमचा?" शाल्मलीनं एकदा खातूनबीला विचारलं.

"दुखते नं. ताल लागला का भुलते. पन सुजला का मी काठी ठेवून देतो, बाप्पा. गादी लोकाची, खांदा माझा."

फेब्रुवारीच्या शेवटी नीळकंठरावांनी कापूस विकला. भाव वाढला नव्हता, उलट ग्रेडरनं पिवळा पडला म्हणून खालची प्रत लावली. घरी येऊन ते रिकाम्या खोलीत उभे राहिले. खराटा घेतला आणि स्वतःच फरशी झाडली.

परीक्षेला ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत आले. दाराशी गौरीबाईंनी शाल्मलीला बाजूला घेतलं. "दुखेल तिथं थांबायचं. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष नाही, हे बाईंना कसं सांगणार?

सुरुवातीच्या रचना छान झाल्या. पदाला परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मोठी रचना आली. पहिली लय, दुसरी लय. तिसऱ्या लयीत ती रुपयाएवढी जागा पेटली. शाल्मलीला ती जागा आता चांगली ओळखीची होती. अजून आठ मिनिटं दात आवळून काढता आली असती. कागद मिळाला असता. नंतर पाय मिळाला असता की नाही, कोण जाणे. आणि कागद घेऊन ती क्लासमधल्या मुलींना काय करून दाखवणार होती?

ती समेवर थांबली. भूमीला नमस्कार केला.

"मॅडम, मी इथं थांबते."

"का? उत्तम चाललंय की."

"पाय दुखतोय."

"अपूर्ण लिहावं लागेल मला."

"लिहा."

परतीच्या एसटीत अर्धा रस्ता नीळकंठराव खिडकीबाहेर बघत होते. शेतांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले.

"चाललं होतं नं बरं?"

"हो."

"मंग?"

"अजून दोन-चारदा तसा पाय पडला असता तं पुन्हा फुटला असता. थांबलो."

"थांबून काय भेटते?" ते एकदम तिच्याकडे वळले. "मी नाई का थांबलो चार महिने? काय भेटलं?"

"कापूस पिवळा पडते, बाबा. हाड जुळते."

कंडक्टर दोनदा शेजारून गेला. पुढच्या बाकावरची म्हातारी उतरली, तिची बोचकी खाली द्यायला नीळकंठराव उठले आणि पुन्हा येऊन बसले.

"डॉक्टरचा कागद कुठी हाय?"

"घरी. कपाटात."

"झेराक्स चालत नाई, ओरिजनल लागन. वैद्यकीय कारनास्तव अपूर्न, सबब पुढच्या सत्रात बसू द्यावे. असा अर्ज टाका लागन. मी लिहितो. तुले मसुदा जमत नाई."

शाल्मलीनं विचारलं, "अन्‌ शेवटचं वर्ष म्हटलं होतं थे?"

नीळकंठरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"थे तोंडी होतं. तोंडी आदेशाले कार्यालयात कोनी इचारते का?"